खेळण्यांचं कपाट आणि सोमवारची सुट्टी

आमच्या घरात चार फळ्यांचं एक लोखंडी कपाट आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं वर्कशॉप चालू होतं तेव्हा त्यात मायक्रोमीटर, व्हर्निअर, टॅप-डायचे संच असायचे. वर्कशॉप बंद केल्यावर कपाट घरी आणलं आणि आता ते नातवाच्या खेळण्यांनी भरलंय. रिमोटच्या गाड्या, हेलिकॉप्टर, बोलणारा कुत्रा, दिवे लागणारी बंदूक, अर्धवट जोडलेले ठोकळे. दार लागत नाही म्हणून सुतळीनं बांधलंय. नातू दुसरीत आहे. ती सुतळी सोडून द्या म्हणून तो कधी माझ्याकडे येत नाही. शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि विचारतो, "आज्जा, पप्पा कधी येणार?"

पप्पा रात्री येणार असतात. माझ्या मुलाला गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात मशिन शॉपला सेकंड शिफ्ट असली की घरी यायला बारा वाजतात. फर्स्ट शिफ्ट असली तर दुपारी येतो, पण अंगात त्राण नसतं. त्याला पोराची माया कमी आहे असं कुणी म्हणू नये. उलट मायेपोटीच पगार झाला की तो काहीतरी घेऊन येतो. खोका फोडताना पोरगं हसतं, ते बघून बापाला बरं वाटतं, तो जेवतो आणि झोपतो. दोन दिवसांत ती वस्तू कपाटात जाते.

हे नुसतं आमच्याच घरात चाललंय असं नाही, म्हणून लिहायला बसलो. शेजारीपाजारी, पाहुण्यारावळ्यांत, सगळीकडे एकच तऱ्हा आहे. वस्तू पोराच्या हातात दिली की पुढचा तासभर घर शांत राहतं. मोठ्यांना तो तास हवा असतो. कुणाला झोपायला, कुणाला स्वयंपाकाला, कुणाला मोबाइल बघायला. म्हणजे पैसे देऊन आपण पोराकडून आपलाच वेळ सोडवून घेतो. खरेदी आपल्यासाठी झालेली असते आणि पोराला मात्र आपण सांगत असतो की बघ, तुझ्यासाठी किती खर्च केला. हे मला सहन होत नाही. आठ वर्षांच्या पोरावर असा उपकार चढवू नये.

पाहुण्यांची तक्रार वेगळी आहे. पूर्वी घरी कुणी आलं की पिशवीतून राजगिऱ्याचे लाडू नाहीतर बिस्किटांचा पुडा निघायचा. मग पोराला जवळ बोलावून, मांडीवर नाहीतर शेजारी बसवून चौकशी व्हायची. कितवीला गेलास, बाई कोण आहेत, तेराचा पाढा म्हणून दाखव. पाढा चुकला की सगळे हसायचे, पोरगं लाजायचं, आणि त्या पाहुण्याचं नाव त्याच्या कायम ध्यानात राहायचं. आता दारातच चकचकीत कागदातला खोका हातात दिला जातो. पोरगं तो घेऊन आत पळतं. मोठी माणसं बाहेर बसतात आणि जाईपर्यंत पोराला पुन्हा कुणी हाक मारत नाही. मागच्या महिन्यात एक नातेवाईक येऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी नातवाला विचारलं, काल कोण आलं होतं? तो म्हणाला, "ते डायनासोरवाले काका." त्यांचं नाव त्याला माहीत नाही. त्यांनाही त्याचं माहीत असेल असं वाटत नाही, कारण निघताना ते "बाय बेटा" एवढंच म्हणाले.

वाढदिवसांबद्दल थोडक्यात सांगतो. हॉल, फुग्यांची कमान, माइकवर ओरडणारा माणूस, कानठळ्या बसवणारी गाणी आणि जाताना प्रत्येक पोराच्या हातात परतीची भेट. बाप संध्याकाळभर केटररच्या मागे असतो, आई साडी सांभाळत पाहुण्यांच्या मागे. ज्याचा वाढदिवस त्याच्याजवळ दोघांपैकी कुणी असेल तर ते केक कापतानाच्या फोटोपुरतं. परतीच्या भेटी आमच्या कपाटाच्या तळच्या फळीवर आहेत. बहुतेकींची सीलसुद्धा फोडलेली नाहीत.

मी वर्कशॉपचा माणूस, म्हणून खेळण्यांबद्दल माझी एक तक्रार धंद्यातलीही आहे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. ते चांगलं झालं. धारदार कडा, विषारी रंग, तोंडात जाणारे सुटे भाग यांवर वचक हवाच होता. पण बंद पडलेलं खेळणं घरी उघडता आलं पाहिजे, असं कुणाला का वाटत नाही? नातवाची एक गाडी बंद पडली. सेल बदलले, तरी हलेना. खाली बघितलं तर तिकोनी खाचेचे स्क्रू. घरातला एकही स्क्रू ड्रायव्हर लागेना. मुलगा म्हणाला, "आबा, टाका ती, दुसरी आणतो." मी टाकली नाही. एक जुना स्क्रू ड्रायव्हर घेतला, ओळखीच्या शेडवर जाऊन ग्राइंडरला त्याचं टोक तीन बाजूंनी घासून आणलं. नातू बरोबर होता. ठिणग्यांपासून त्याला लांब उभा केला होता, तिथून तो टाचा उंच करून बघत होता. घरी येऊन गाडी उघडली. आत अंगठ्याएवढी मोटर, दोन तारा आणि पांढऱ्या प्लॅस्टिकचे गिअर. एका गिअरचा दात मोडला होता. तो दात नातवानंच शोधला. ग्रीसमध्ये चिकटून बसलेला, तांदळाच्या कणीएवढा. तो बोटावर घेऊन नातू घरभर फिरला. आजीला दाखवला, आईला दाखवला, आणि पप्पांना दाखवायचा म्हणून काडेपेटीत घालून ठेवला. गाडी काही पुन्हा चालली नाही. पण मोटरला सेल लावून ती फिरते, तारा उलट जोडल्या की उलटी फिरते, हे त्याला त्या संध्याकाळी कळलं. ती मोटर कपाटात गेलेली नाही. उशाशी असते.

माझे वडील शाहू मिलमध्ये होते. १९०६ साली शाहू महाराजांनी उभी केलेली ती मिल, आणि तिच्या भोंग्यावर निम्मं कोल्हापूर उठायचं. वडिलांचा स्वभाव अबोल. लाड वगैरे प्रकार नव्हता आणि खेळणी घ्यायची ऐपत नव्हती. पण त्यांच्या सुट्टीदिवशी ते जातील तिथं मी बरोबर असायचो. लक्ष्मीपुरीत धान्य घ्यायला, पंचगंगेवर आंघोळीला, खासबागेत कुस्त्या बघायला. गंगावेशीत म्हशीच्या धारेचं दूध ग्लासात फेसासकट घेतलं की अर्धा ग्लास माझा. रंकाळ्यावर गेलो की संध्यामठ पाण्यात किती बुडालाय ते दाखवून ते म्हणायचे, यंदा पाऊस बरा झाला. एवढंच वाक्य. त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम वेळ काढला असं मला आठवत नाही. त्यांच्या कामातच मी होतो.

पुढं माझ्या मुलाचंही तसंच झालं. शाळा सुटली की तो वर्कशॉपला यायचा. लेथजवळ फिरकू द्यायचो नाही, पण बाकावर बसून तो नट-बोल्ट आट्यांप्रमाणे वेगळे करायचा. पाचवीत असताना त्याला व्हर्निअर वाचता येत होतं. आता त्याचा कारखाना शहराबाहेर, गेटवर वॉचमन, आत हेल्मेट आणि बूट घातल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. भट्टी आणि क्रेन असलेल्या जागी लहान पोराला येऊ देऊ नये हे शंभर टक्के बरोबर आहे. पण त्यामुळं एक झालं, बाप दिवसभर काय करतो हे पोराला दिसेनासं झालं. त्याला वाटतं, पप्पा गेटच्या आत जातात आणि तिथून खेळणी आणतात. शेती करणाऱ्या बापाचं, दुकान चालवणाऱ्या आईचं पोर आजही त्यांच्या पायांत घुटमळत वाढतं. नोकरी करणाऱ्याला मात्र पोरासाठी वेगळा वेळ बाजूला काढावा लागतो, आणि तो काढायची वेळ आली की सगळ्यात आधी पोराचाच वेळ कापला जातो.

दिवाळीतली गोष्ट सांगितल्याशिवाय ही तक्रार पुरी होणार नाही.

कोल्हापुरात दिवाळीचा किल्ला ही पोरांची हक्काची गोष्ट. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर दिला की गल्लीत माती दिसायला लागते. तालमीची, मंडळाची पोरं तर पन्हाळा, विशाळगड, प्रतापगड यांच्या माणसाच्या उंचीच्या प्रतिकृती करतात आणि लोक रात्री ते किल्ले बघत फिरतात. आमच्याकडे मुलानं तयार किल्ला आणला. प्लॅस्टरचा, हिरवा रंग दिलेला, पायऱ्या कोरलेल्या, वरती शिवाजी महाराज आधीच चिकटवलेले. नातवानं तो खोक्यातून काढून व्हरांड्यात ठेवला. शेजारी पणती ठेवली. झाला किल्ला. पाच मिनिटांनी तो मोबाइल घेऊन आत बसला होता. दिवाळी अजून चार दिवसांवर होती.

मला राग आला. मुलाचा नाही, त्याला शिफ्ट होती, बिचाऱ्यानं जमेल ते केलं. राग आला तो या धंद्याचा. वीस रुपयांची माती आणि चार दिवसांचा उद्योग काढून घेऊन त्याच्या जागी रंगवलेलं प्लॅस्टर विकायचं आणि वर त्यावर "झटपट किल्ला" असं छापायचं! झटपट कुणाला हवा होता? पोराच्या हातात चार दिवस मोकळे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातवाला घेऊन बाहेर पडलो. कोपऱ्यावर बांधकाम चाललंय तिथून विटांचे तुकडे मागून आणले, ओळखीच्या शेतकऱ्याकडून लाल मातीची दोन पोती आणली. विटा रचल्या, त्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि माती कालवायला बसलो. माती फार ओली झाली की ओघळते, कोरडी राहिली की भेगा पडतात. ते प्रमाण सांगून कळत नाही, हातालाच कळावं लागतं. पहिल्या दिवशी त्याचा तट दोनदा ढासळला. पायऱ्या चमच्याच्या मागच्या बाजूनं पाडायच्या, हे त्यानं स्वतः शोधलं. आळीव पेरायला आजी बसली. दरवाजा कुठं ठेवायचा यावरून आमची जुंपली. त्याला समोर, दिसेल असा हवा होता. मी म्हटलं, शत्रूलाही दिसेल. तो म्हणाला, मग पन्हाळ्याला कुठं आहे?

पन्हाळा इथून वीस किलोमीटर. शाळेला सुट्टी, मला काय काम? मध्यवर्ती बसस्थानकावर एसटी पकडली आणि गेलो. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात पन्हाळा आहे. गर्दी वाढलीय आणि बहुतेक जण फोटो काढून परत फिरतात. आम्ही तीन दरवाजात बराच वेळ होतो. एक दार फोडून आत आलेला माणूस पुढच्या दारापुढं कसा अडकेल, हे नातवानं मला शत्रू करून आणि स्वतः मावळा होऊन दाखवलं. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती या धान्याच्या कोठारांची नावं ऐकून त्यानं विचारलं, नद्यांची नावं धान्याला का? मला उत्तर देता आलं नाही. आम्ही दोघांनी तर्क केले. मग राजदिंडीपाशी गेलो. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरचा वेढा चुकवून महाराज पावसात याच वाटेनं विशाळगडाकडे निघाले, हे सांगितलं. तो कितीतरी वेळ खालच्या झाडीत बघत होता. शेवटी म्हणाला, "आज्जा, त्यांचे पाय घसरले नसतील?" इतिहासाच्या पुस्तकात हा प्रश्न मी कधी वाचला नाही, आणि इतका योग्य प्रश्न मला स्वतःलाही कधी सुचला नव्हता.

परत येऊन किल्ल्याचा दरवाजा वळणावर गेला. आता खरी गोष्ट. मुलाच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. त्या सोमवारी सकाळी तो उठला, किल्ला बघितला आणि त्याचे हात शिवशिवले. नातू आजीबरोबर मामाकडे फराळ द्यायला गेला होता. मुलानं एकट्यानं बसून एक सुंदर बुरूज केला. जंग्यांसकट, वर झेंड्याला भोक ठेवून. इतकी सफाई की बघत राहावं. दुपारी नातू आला, बुरूज बघितला आणि रडायला लागला. आम्हाला कळेना. चांगला झालाय की रे, असं सगळे म्हणत होते. तो हुंदके देत म्हणाला, "पप्पांनी माझ्याशिवाय का केला?" आणि त्यानं दोन्ही हातांनी तो बुरूज पाडला. मुलगा क्षणभर गप्प बसला. मग त्यानं बाह्या सारल्या, माती पुन्हा कालवली आणि दोघं संध्याकाळपर्यंत बसले. दुसरा बुरूज वाकडा झाला. जंग्या कमी-जास्त. झेंडा तिरका. येणाऱ्या-जाणाऱ्याला नातू तोच दाखवत होता.

पोराला वस्तू नको असते, हे यापेक्षा सरळ शब्दांत कुठलं पोर सांगणार? आपल्या बापानं केलेली सगळ्यात सुबक वस्तूसुद्धा त्याला नको होती, कारण ती होताना तो तिथं नव्हता.

आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ साली त्या गावानं ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. सुरुवातीला लोक ऐकेनात, मग गावातली माणसं घरोघर फिरली, समजावून सांगितलं आणि ते रुळलं. तो वेळ मुख्यतः पोरांच्या अभ्यासासाठी आहे. पण मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. नियम मोठ्यांनाही लागू आहे. बापाच्या हातातला मोबाइल खाली ठेवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासापेक्षा जास्त वेळ पडदा दाखवू नये, कमी असेल तितकं चांगलं. मुलांचे तास सगळे मोजतात. मोठ्यांचे कुणी मोजत नाही. ते एका खेड्यानं मोजले, याचं मला फार कौतुक आहे. आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी हे सुचवलं होतं. बऱ्याच जणांनी अंगठे दाखवले. त्याच संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्याच ग्रुपवर क्रिकेटची क्लिप आली.

पण भोंगा वाजवून उपयोग तेव्हा, जेव्हा सात वाजता बाप घरी असेल. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास तेच राहतील असं सांगितलं गेलं. हिशेब कागदावर जुळतो. पोराचा हिशेब आठवड्याचा नसतो. ते रोज संध्याकाळी दाराकडे बघतं. बारा तास काम, वर जाण्यायेण्याचा वेळ, त्यात बापाची सुट्टी सोमवारी आणि शाळेची रविवारी. नवरा-बायको दोघंही नोकरीला असतील तर विचारायलाच नको. अशा घरातल्या माणसाला "पोरांना वेळ द्या" असा उपदेश करणाऱ्यांचाही मला राग येतो. वेळ त्याच्या खिशात नाही. तो गेटच्या आत जमा आहे.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. पोर कसं वाढतंय हा दरबारचा विषय आहे, असं या गावानं शंभर वर्षांपूर्वी मानलं. मग आज ज्यांच्याकडे त्या पालकाचा दिवस गहाण आहे, त्यांना कुणीच काही विचारू नये?

मुलानं दिवाळीआधी एक रविवार मागितला होता. सोमवारी कामावर येतो, रविवारी सुट्टी द्या, असं. रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. साहेबांनी विचारलं, लग्न आहे का? घरात कुणी आजारी आहे? कुणाचं दहावं-बारावं? यातलं काही असतं तर रजा लगेच मिळाली असती. पोराबरोबर किल्ला करायचाय हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही. त्यानं "घरगुती कारण" लिहिलं आणि अर्ज परत आला. कारण अपुरं आहे म्हणे. मेलेल्या माणसासाठी रजा मिळते, तशी जिवंत पोरासाठीही मिळाली पाहिजे, आणि तीही खोटं नाव न लावता.

येत्या दिवाळीचा अर्ज मी शेजारी बसून लिहून घेणार आहे. कारणाच्या रकान्यात "मुलाबरोबर किल्ला बांधणे" एवढंच लिहायचं. नामंजूर झाला तर नामंजुरीचं कारण लेखी मागायचं, हेही मुलाचं आणि माझं ठरलंय. माती मी आणून ठेवतो.